सुईणीचा साचा

ओटिलीबाई पाटीच्या दगडावर उलटं कोरतात,
म्हणजे कथील सुलटं बोलतं.
एका हिमरात्रीची चोवीस माणसं कोरली त्यांनी,
बोटाएवढी, पोस्टकार्डासारखी चपटी:
भट्टीवाला, दिवे लावणारा,
चर्चमधून उशिरा निघालेली दोन भावंडं,
काखेत दुसऱ्याचं बदक दाबून पळणारा एक.
मी त्यांचा ओतारी. साचा त्यांचा, पळी माझी,
फ्युर्टच्या मागच्या गल्लीत, एकतीस वर्षं.

पंचविसावी सुईण यायची होती.
खरं तर रात्र तिच्यासाठीच कोरलेली;
सगळे दिवे, सगळी दारं तिच्या वाटेकडे तोंड करून.
पोस्टमन लोथार दर शनिवारी विचारायचा,
"निघाली का घरून?"
त्याच्या फळीवर चोवीस उभे आणि बोटभर जागा.
नऊ वर्षं एकेक आणलेले, नाणी मोजून,
साडेचार युरोला एक.

मग बाझलचे एग्लोफसाहेब आले.
बूट पुसून आत आले, हेही सांगायला हवं.
म्हणाले, सुईण मला द्या. एकच ओता,
आणि साच्यावर रेघ मारा.
आकडा कागदावर लिहिला, उच्चारला नाही.
त्यात तीन हिवाळ्यांचा गॅस होता
आणि छपराची डागडुजी.

मी चिडलो. बाई म्हणाल्या,
"शिंपी एकाच्याच मापाचा कोट शिवतो,
तेव्हा अख्ख्या गावाला थंडी वाजते का?"
बरोबर आहे. हात त्यांचे, दगड त्यांचा,
गारठलेलं घरही त्यांचंच.
पण कोटासाठी कुणी फळीवर
नऊ वर्षं जागा राखून ठेवत नाही.
हे मला दोन दिवसांनी सुचलं.
उत्तरं अशीच, पाहुणे गेल्यावर येतात.

आणि एकच म्हणजे काय?
थंड साच्यात पहिली ओत कधी धड उतरत नाही.
पहिल्या सुईणीला पाऊल नव्हतं.
दुसरीला कंदील नव्हता.
चौथीला चेहरा सुरेख, पण दार वाजवणारा हातच नाही.
आठ जणी चिमट्यानं परत मुशीत सोडल्या.
नववी पूर्ण आली, तिला एकुलती म्हणायचं ठरलं.
त्या आठ जणींचं कथील पुढच्या आठवड्यात
दिवे लावणाऱ्यांत गेलं. ते कुणीही विकत घेऊ शकतं.

एग्लोफसाहेबांनी ती तळहातावर घेतली
आणि त्यांचे डोळे भरले.
ह्याचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही.

बाईंनी रेघ मारली,
खांद्यापासून झग्याच्या काठापर्यंत.
आवाज शाळेतला आला.

शनिवारी लोथारला सांगितलं.
तो ओरडला नाही. साचा खिडकीशी धरून म्हणाला,
"दगडात खोल गेलेलं कथलात उंच येतं ना?"
येतं.
"म्हणजे हिच्या अंगावर वळ उठेल."
उठेल.
"वळासकट चालेल मला."

बाईंनी करार काढला, भिंगाखाली दोनदा वाचला.
रेघ मारावी, असं लिहिलं होतं.
रेघेनंतरचं काही लिहिलं नव्हतं.
लिहिलं नाही म्हणजे मोकळीक नव्हे,
हे त्यांना कळत होतं, मलाही.
"मांजराला दूध घालून येते," त्या म्हणाल्या.

त्यांच्याकडे मांजर नाही.

मी साचा नीट तापवला.
दुसऱ्या ओतीला आली, कंदिलासकट, हातासकट,
आणि अंगभर तिरका वळ.
लोथारनं नाणी मोजली. पन्नास सेंट कमी पडले.
पुढच्या शनिवारी दे, म्हटलं.